कालवणापुरते बांगडे

पोस्टाच्या काउंटरमागे आयुष्य गेलेल्या माणसाला पैसे मागणाऱ्यांचे आवाज ओळखता येतात. मुंबईहून मनीऑर्डरी यायच्या त्या काळात बायका पायरी चढायच्या आधीच विचारायच्या, "मास्तर, माझी मनिआर्डर इली काय?" नवरा परळला गिरणीत, पैसे त्याने पाठवलेले, तरी मनीऑर्डर हिची. अंगठा उठवून नोटा मोजून घेताना चेहऱ्यावर कुणाचे उपकार घेतल्याची छटासुद्धा नसायची. त्यातलीच एखादी पुढे म्हातारी झाली, नवरा गेला, पाठीशी कुणी उरलं नाही, मग कुणीतरी तालुक्याला खेपा घालून तिचं नाव संजय गांधी निराधार योजनेत लावलं. खिडकी तीच, मास्तर तोच. पण आता ती रांगेत सगळ्यांच्या मागे राहायची, गर्दी पांगली की पासबुक पुढे सरकवायची आणि खालच्या आवाजात विचारायची, "काय जमा झाला काय?"

हा आवाज उतरायचा का, ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. मनीऑर्डरीवरचा तिचा हक्क तरी कुठून आलेला? नुसता लग्नातून नव्हे. गिरणीने पगार दिला तो एका माणसाच्या खानावळीपुरता आणि वर थोडा. त्या माणसाला लहानाचा मोठा केला गावाने. त्याच्या आईबापांचं दुखलंखुपलं, पोरांच्या शाळा, चार कुणग्यांतला भात, भरडावरची नाचणी, गोठ्यातलं जनावर, हे सगळं सांभाळलं तिने. गिरणीला धडधाकट माणूस आयता मिळाला, आणि छाती खोकून खोकून निकामी झाली की तो परत गावाला मिळाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले कितीतरी एसटीने आपापल्या वाडीत येऊन बसले. त्यांना कुणी पोसलं? त्याच नाचणीने. मुंबईच्या कुठल्याही ताळेबंदात त्या नाचणीची नोंद नाही. अशी बाई म्हातारपणी येऊन खिडकीसमोर मान खाली घालते आणि आपण म्हणतो, सरकार फुकट देतं.

हे ‘आपण’ म्हणजे आमच्याकडे बापूकाका. नात्याने चुलत चुलते, वयाने माझ्याहून थोडेच मोठे. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी मयत झालं तर लाकडं फोडायला पहिले हजर. पण आंब्याचा हंगाम जवळ आला आणि झाडावर चढायला गडी मिळेना की त्यांचं तत्त्वज्ञान उफाळून येतं. "फुकटचो तांदूळ गावता, पंधराशे रुपये गावतत, मगे कामाक येतलो कोण?" आणि मग शेवटचा, कुणाला उत्तर देता येणार नाही असा त्यांना वाटणारा प्रश्न: "समाजान कोणाक पोसूक व्हया असा खंय लिवलेला आसा?"

प्रश्न टाकाऊ नाही. कुठे लिहिलंय?

लिहिलेलं शोधण्याआधी न लिहिलेलं सांगतो. मालवणच्या दांडीवर, वायरीला, तारकर्लीला, आचऱ्याला ज्यांनी रापण ओढली आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात शिरते, जाळं सोडत सोडत मोठा अर्धगोल घेते आणि दुसरा दोर घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा. टाचा वाळूत रुतवायच्या, अंग मागे टाकायचं, पाऊल पाऊल मागे सरकायचं. दोर ओला, जाड, खारट. नवख्याच्या तळव्याची साल पहिल्या अर्ध्या तासात जाते. तासचे तास हे चालतं आणि दोन रांगा हळूहळू एकमेकींकडे येतात. घारी आणि बगळे आधी कळवतात की आत काय आहे. जाळं वाळूवर आलं की एकच कालवा. तारली, पेडवे, बांगडे, नशीब असेल तर वर दोनचार मोठी मासळी. तिथेच लिलाव, तिथेच हिशेब. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे.

आणि या हिशेबाच्या कडेला आणखी एक देणं असतं. वाटेने जाणारा कुणीही, शाळेतून परतणारं पोर, बाजाराला निघालेला म्हातारा, दोर दिसला म्हणून हात लावतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. तो किती जोर लावतो हे कुणी बघत नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असताना दोराला लटकायचोच, ओढायचो कमी. तरी पिशवी लपवून उभा राहिलो तर रापणीचा म्होरक्या, तांडेल, ओरडायचा, "हात लायलंस मां? मगे पिशयी फुडे कर." ओंजळभर तारली, कधी कालवणापुरते बांगडे. लिलावात गेले असते तर त्याचेही पैसे झाले असते. पण ते लिलावात घालायचे नसतात, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. आयुष्यभर दोर ओढून आता कमरेतून वाकलेला एकजण होडीच्या सावलीत बसलेला असे. त्याच्या पुढ्यातही पडायचे. रापणीच्या एका संघात समुद्रात गेलेल्या माणसाच्या बायकोकडे वाटा जायचा, पोरगा हाताशी येईपर्यंत. त्याला धर्मादाय म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे यातला स्वार्थ. रापण दहा-वीस माणसांनी ओढवत नाही. ऐन वेळी हात कमी पडले तर जाळं बाहेरच राहील, म्हणून किनाऱ्यावरच्या कुठल्याही हाताला काही मिळतं हे पक्कं असावं लागतं. शिवाय आत जे आहे ते कुणी पेरलेलं नाही. जाळं तुझं, होडी तुझी, बांगडा मात्र तू घडवला नाहीस. तेवढं तत्त्वज्ञान दोर ओढणाऱ्या सगळ्यांना कळत होतं, एकालाही ते शब्दांत मांडायला वेळ नव्हता.

स्वर्ग होता असं म्हणत नाही. जाळं रिकामं आलं की सगळेच रिकामे. संघाचा सभासद कोण, हे घराण्यावर ठरायचं. आणि गावातली काही माणसं किनाऱ्यावर उभी राहायची तेव्हा किती लांब उभी राहायची, हेही गावाला पाठ होतं. आता पर्यटक येतात, दोर धरून फोटो काढतात, त्यांनाही लोक हसून चार मासे देऊ करतात. ते "नको नको, हॉटेलात वास येईल" म्हणतात. असो.

‘पूर्वी गावात प्रत्येकाची सोय होती’ हे वाक्य कोकणात लग्नाच्या पंगतीपासून साहित्य संमेलनापर्यंत ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बलुतं असतं. सुताराने नांगर करायचा, न्हाव्याने डोकी करायची, भात झोडलं की खळ्यावरून ज्याचं त्याचं मापून द्यायचं. पैशाचा व्यवहार नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क. खरंच, उपजीविकेचा हक्क म्हणून बघायला गेलं तर हा पक्का हक्क होता; कुणी नाकारू शकत नव्हतं. मग तो मोडायला सगळ्यात आधी कोण उठलं? मंडणगड तालुक्यातलं आंबडवे ज्यांचं मूळ गाव, ते बाबासाहेब आंबेडकर. महारवतनाचा कायदा बदलण्यासाठी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ सालीच त्यांनी विधेयक आणलं. मूठभर धान्य आणि इनामाचा तुकडा यांच्या बदल्यात एक आख्खी जात दिवसरात्र सरकारी आणि गावकी कामाला बांधलेली, आणि त्या मुठीच्या भरवशामुळे बाहेर पडायची उमेदही मारलेली, हे त्यांनी पाहिलं होतं. हलकी गावकामाची वतनं कायद्याने गेली ती १९५८ नंतर. भरवसा देणारी व्यवस्था माणसाला जागेवर खिळवूनही ठेवू शकते, ही गोष्ट ‘सोय होती’वाल्यांना कधी दिसत नाही, कारण ते खळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभे असायचे.

खोतांचं, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचं, तर आणखी वेगळं. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत शेत कसायचं कुळाने, भात जायचं खोताच्या कोठारात, वर वेठ. खोताच्या पोटाची हमी समाजाने घेतलेली होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली. खोत काम करतो का, तो या भाताला लायक आहे का, त्याला फुकट मिळून तो आळशी तर होत नाही ना, असं कुणी विचारल्याची नोंद नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये शेतं न कसण्याचा संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालवला. सहा वर्षं! स्वतःची शेतं स्वतः पडीक ठेवायची, डोळ्यांदेखत पाऊस वाया जाऊ द्यायचा, याला काय लागत असेल ते शेतकऱ्यालाच कळेल. १९३७ च्या सप्टेंबरात आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत कोकणातली कुळं मुंबईत विधिमंडळावर चालून गेली, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्या भांडणात कुळं मागत काय होती? पोसा, असं नव्हे. आम्ही पिकवलेल्यातून आम्हाला उठवू नका, इतकंच.

आता लिहिलेलं. बापूकाकांना मी एकदा छापील प्रतच नेऊन दाखवली होती, म्हणून कलमं तोंडपाठ आहेत. राज्यघटनेच्या ३९व्या कलमात आहे की स्त्रीपुरुष सगळ्या नागरिकांना उपजीविकेचं पुरेसं साधन मिळण्याचा हक्क असावा, या दिशेने राज्याने आपलं धोरण चालवावं. ४१व्यात कामाचा हक्क आहे. बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व यांत मदतीचा हक्क आहे. पण त्याच कलमात, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. आणि ३७वं कलम सांगतं की ही सगळी तत्त्वं राज्यकारभारात मूलभूत खरी, मात्र कोर्टात जाऊन बजावून घेता येणार नाहीत. विहीर दाखवायची आणि पोहरा काढून घ्यायचा, तसला प्रकार. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "म्हंजे लिवलेला आसा, पन देवचा नाय असाच मां?" माणूस वकील व्हायला हवा होता.

सर्वोच्च न्यायालयाने हा पोहरा थोडासा परत दिला, तोही मुंबईच्याच एका प्रकरणात. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, फुटपाथवरच्या झोपड्या उठवायला सुरुवात झाली; ओल्गा टेलिस या पत्रकार आणि काही झोपडीवासी कोर्टात गेले. १९८५ चा निकाल असा की जगण्याचा हक्क म्हटला की जगण्याचं साधनही त्यातच आलं, कारण साधनाशिवाय कुणी जगू शकत नाही. निकाल इतकाच वाचून लोक टाळ्या वाजवतात. पुढे त्यातच आहे की काम किंवा साधन पुरवाच, अशी सक्ती राज्यावर कदाचित करता येणार नाही. पण असलेलं साधन काढून घ्यायचं तर न्याय्य आणि कायदेशीर रीतीनेच काढता येईल. फुटपाथवर राहायचा हक्क कोर्टाने मानला नाही, पावसाळा संपेपर्यंत मुदत दिली. जिंकले म्हणावं की हरले, कळत नाही. पण त्यातली ‘काढून घेऊ नका’ ही बाजू मला ‘द्या’पेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती किनाऱ्यावर उभं राहिल्यावर नीट समजते.

बांगडा आणि तारली हे थव्याने फिरणारे मासे. तेच रापणीला लागतात. पर्ससीनचं जाळं नेमकं थव्याभोवती टाकतात आणि खालून आवळून घेतात. वर यंत्र असतं, त्यामुळे शंभर हातांची गरज नाही. थवा किनाऱ्याकडे वळायच्या आत आख्खा उचलला जातो. शिवाय चक्क समुद्र उजळून टाकणाऱ्या एलईडीने मासळी एका जागी बोलावून घेणारे आले. १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा होता, ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला, तरी मोर्चे, समुद्रातली धरपकड, एकमेकांच्या होड्या अडवणं हे चालूच राहिलं. दुसऱ्या बाजूची माणसंही राक्षस नव्हेत. कर्ज काढून बोट घेतली आहे, तिच्यावर खलाशी आहेत, त्यांचीही पोटं आहेत. पण रापण ओढणाऱ्याला जाऊन ‘तुला पोसायचं असं कुठे लिहिलंय’ म्हणणं म्हणजे कमाल आहे. तो म्हणतोय, मला पोसू नका. माझ्या पुढ्यातला बांगडा तेवढा राहू द्या.

बापूकाकांचा खरा मुद्दा मात्र मी इथे दडवणार नाही. ते म्हणतात, हक्क म्हटला की समोर देणारा लागतो; तो कोण ते सांग. आणि हक्क नक्की कशाचा? आहे तोच धंदा आहे तसाच चालू राहण्याचा हक्क कुणाला असतो काय? याला मला ‘नाही’ म्हणावं लागतं. गिरण्यांचं सूत जगात कुणी घेईना झालं तर ते काततच राहा, असं कुणी कुणाला सांगू शकत नाही. माझंच घ्या. लोकांनी पत्रं लिहिणं सोडलं. आंतरदेशीय आणि पोस्टकार्डांचे गठ्ठे यायचे तिथे बँकांच्या नोटिसा यायला लागल्या. पत्रं लिहा, पोस्टमास्तराचं पोट आहे, असं म्हणायचा मला काडीचा अधिकार नव्हता.

फरक एवढाच पडला की त्या बदलाचा फटका मला बसलाच नाही. पगार चालू राहिला, आणि आता पेन्शन आहे. १७ डिसेंबर हा पेन्शनरांचा दिवस म्हणून आम्ही साजरा करतो, हार-तुरे, जिलेबी. १९८२ साली त्या तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पेन्शन हे बक्षीस नव्हे, मालकाच्या मर्जीवरची मेहरबानी नव्हे; तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे. त्याच वर्षी गिरणीचा माणूस गावी येऊन ओटीवर बसला होता. दोघांचीही तीस-तीस वर्षं कामात गेलेली, दोघांचंही काम जगाला नकोसं झालेलं. एकाला न्यायालयाने ‘हक्क’ म्हटलं, दुसऱ्याला घरातल्यांनी ‘बसून खातो’ म्हटलं. मी गेली कित्येक वर्षं काही न करता दर महिन्याला पैसे घेतो. आळशी झालो का? झालो असेन थोडा. पण मला अजून कुणी टपरीवर तसं ऐकवलेलं नाही. साहेब म्हणतात.

देणारा कोण, याचंही एक उत्तर महाराष्ट्राने देऊन दाखवलं होतं आणि ते पगाराच्या स्लिपवर छापलेलं असायचं. दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, व्यवसाय कर. ऑफिसातले कारकून त्या शंभर रुपयांसाठी फेब्रुवारीला शिव्या घालतात. हा कर १९७५ साली आणला कशासाठी हे बहुतेकांना माहीत नसतं. तो रोजगार हमीसाठी होता. विधान परिषदेचे सभापती असलेल्या वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ही कल्पना करून बघितली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्याने देशभर ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली, आणि १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. पंधरा दिवस मोजायचे अर्जाच्या तारखेपासून. म्हणजे अर्जाची तारीख घातलेली पोच हातात नसेल तर हक्क हवेत. एका ग्रामपंचायतीत मी पाहिलंय, कातकरी वाडीतल्या बाया अर्ज घेऊन आल्या होत्या. अर्ज घेतला, पोच दिली नाही. "साहेब आल्यावर देतो." त्या उठल्याच नाहीत. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला सही-शिक्का झाला. सगळी राज्यघटना त्या हातभर कागदावर येऊन थांबली होती, आणि त्या बायांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आधी अनेकदा पोचेशिवाय परत गेल्या होत्या म्हणून कळलेलं.

आणि आता काकांची बाग. कातळाला लागून असलेल्या त्यांच्या वरकस जमिनीत पूर्वी गवत व्हायचं, गोठ्यावर घालायला. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. तुमच्या जमिनीत आंबा-काजूची कलमं लावा, खड्डे, कलमं, खत, राखण याचा खर्च सरकार हमीच्या पैशातून देईल. आज कोकणच्या डोंगरउतारांवर जी काजूची आणि हापूसची हिरवळ दिसते, तिच्यातली बरीच त्या योजनेतली. काकांनी तेव्हा तालुक्याला खेपा घातल्या, कागद पुरे केले, स्वतः खपले, पाणी डोक्यावरून नेऊन घातलं. मेहनतीत खोट काढायला जागा नाही. पण खड्ड्याचे पैसे आले ते मुंबईतल्या कुठल्याशा कारकुनाच्या व्यवसाय करातून. हे मी त्यांना बोलून दाखवलं तेव्हा ते जरा गप्प झाले आणि म्हणाले, "ता येगळा. ती योजना होती."

माझी स्वतःची कलमं तर मी लावलेलीही नाहीत. आजोबांनी लावली, वडिलांनी शिंपली, मी फक्त सातबाऱ्यावर आलो. थॉमस पेन नावाच्या इंग्रजाने १७९७ साली या गोष्टीवर बोट ठेवलं होतं. जमीन कुणी निर्माण केली नाही, शेतकऱ्याचं आहे ते त्याने केलेल्या सुधारणेचं मोल. म्हणून जमिनीतला ज्यांचा वाटा गेला त्या सगळ्यांचं मालकांकडे काही लागतं. त्याने हिशेबही मांडला: वारसा हातात पडताना त्यातून कापून घ्यायचं, आणि एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला १५ पौंड, पन्नाशीनंतर वर्षाला १० पौंड द्यायचे. गरिबालाच नव्हे, सगळ्यांना, कारण ही मदत नव्हे, थकबाकी आहे. मला हा हिशेब रापणीच्या हिशेबाच्या फार जवळचा वाटतो. जाळ्याचा वाटा काढा, होडीचा काढा, घाम गाळला त्याचा काढा. मग उरतो तो भाग कुणीच घडवलेला नाही, आणि त्याच्यासाठी ‘तू लायक आहेस का’ हा प्रश्नच गैरलागू.

गडी मिळत नाहीत हे खरं आहे, ते नाकारून काय करू? आमच्या बागा नेपाळहून आलेले राखणदार सांभाळतात, बोटींवरही नेपाळी खलाशी आहेत. गावची पोरं बारावी होतात आणि गोव्याला नाहीतर पुण्याला कंपनीत लागतात. पण हे तांदळामुळे झालं असं मानायला मी तयार नाही. रेशनच्या तांदळाचं माणशी पाच किलो येतं. पाच किलो तांदळावर महिनाभर लोळत पडायला कुणाला जमत असेल तर त्याने तो चमत्कार मलाही शिकवावा. पोरं जातात कारण हंगाम दोन-तीन महिन्यांचा आणि उरलेल्या वर्षात काकांच्याही बागेत काम नसतं. झाडावरून पडून पाय मोडला तर दवाखान्याचं कोण बघणार, याचं उत्तर काकांनी आजवर कुणाला दिलेलं नाही. मीही दिलेलं नाही. पोटाला थोडा आधार असला की माणूस वाईट कामाला ‘नको’ म्हणू शकतो, आणि काकांना खुपतं ते नेमकं हे. पूर्वी तो नको म्हणू शकत नव्हता.

यंदा मोहोर आला आणि अवकाळी पावसाने झोडपला. उरलासुरला थ्रिप्स या किडीने खाल्ला. बागायतदारांची बैठक झाली, नुकसानभरपाईचं निवेदन तहसीलदारांना द्यायचं ठरलं आणि अक्षर चांगलं म्हणून मसुदा माझ्याकडे आला. बापूकाका बाजूला बसून सांगत होते. "लिव, आमी भीक मागणो नाय. हक्काचा मागताव." मी लिहिलं. निसर्गाच्या लहरीपायी आमचं पोट मारलं गेलं तर सरकारने उभं राहायला हवं, लिहिलं. कर्जाला मुदतवाढ, लिहिलं. मग मी आपल्या मनाने एक ओळ घातली की बागा बसल्यामुळे पेट्या भरणाऱ्या बायका, काढणीचे गडी आणि राखणदार यांचीही हंगामाची मजुरी बुडाली आहे, तिचाही विचार व्हावा.

काकांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ थांबले. "ह्यां आमच्या अर्जात कित्याक?"

म्हटलं, खोडू?

त्यांनी पुन्हा वाचलं. "नको," म्हणाले. "ऱ्हवांदे. पन वर नको. सगळ्यांच्या खाली घाल."